विटाळाचे आरोग्यशास्त्र
(मुरुड-दापोलीच्या इतिहासाच्या आधारे)

२०२० साली करोनाची साथ आली आणि एक जुनाच युक्तिवाद नव्या उमेदीने ऐकू येऊ लागला. बाहेरून आल्यावर हातपाय धुणे, परक्याचा स्पर्श टाळणे, लांबून नमस्कार करणे, स्वयंपाकघरात सोवळ्याने वावरणे हे सगळे आपल्या पूर्वजांनी फार पूर्वीच सांगून ठेवले होते. सोवळेओवळे म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपले आरोग्यशास्त्रच होय. पाश्चात्त्यांना जंतू एकोणिसाव्या शतकात दिसले, आमच्याकडे ते ज्ञान आधीच होते, असे ते म्हणणे. सुशिक्षित माणसे हे बोलत होती आणि ऐकणारी सुशिक्षित माणसे माना डोलावत होती.

वरवर पाहता हे बोलणे निरुपद्रवी वाटते. पण त्याच्या पोटात दुसरे एक विधान दडलेले आहे. सोवळे हे जर आरोग्यशास्त्र असेल, तर ज्यांचा विटाळ मानला गेला ते रोग पसरवणारे होते, असे आपोआप ठरते. मग अस्पृश्यता हा अन्याय राहत नाही. ती एक खबरदारी ठरते. गावाने महारवाडा वेशीबाहेर ठेवला तो आरोग्यासाठी, पाणवठा वेगळा केला तोही आरोग्यासाठी! हजारो वर्षांचा अपराध असा एका वाक्यात शहाणपणाच्या खात्यावर जमा होतो. म्हणून हा युक्तिवाद हसण्यावारी नेऊन चालणार नाही. तो इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

या कसोटीसाठी मी रत्नागिरी जिल्ह्यातील एक लहानसा टापू घेतो. दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे मुरुड हे गाव, तेथून काही मैलांवरचे दापोली हे जुने लष्करी ठाणे, आणि खाडीपलीकडचे, आज रायगड जिल्ह्यात असलेले महाड. एवढ्याशा मुलखात साठ-सत्तर वर्षांच्या आत विटाळाचा प्रश्न इतक्या वेगवेगळ्या अंगांनी उभा राहिला, की त्याचे खरे स्वरूप पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज पडू नये.

१

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीत ‘घाण’ आणि ‘विटाळ’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. घाण डोळ्यांना दिसते, नाकाला कळते आणि पाण्याने जाते. विटाळ दिसत नाही. तो माणसाच्या जन्मात असतो, नात्यात असतो, तिथीत असतो. नुकताच न्हालेला, धुतलेले कपडे घातलेला महार विटाळ करी. अंगाला घामाचा वास येणारा सवर्ण करीत नसे.

सोवळ्याच्या वस्त्राचेच पाहा. सुती धोतर रोज धुवावे लागे, आणि धुऊन वाळत घातल्यावर घरातल्या लहान मुलाचा जरी त्याला हात लागला तरी ते ओवळे होई. उलट रेशमी कद किंवा लोकरीची धाबळी दिवसेंदिवस न धुता खुंटीवरून काढून नेसली तरी सोवळ्याला चाले. आता आरोग्याच्या दृष्टीने घामट कद अधिक स्वच्छ की मुलाने शिवलेले धुवट धोतर अधिक स्वच्छ, हे सांगायला डॉक्टरची गरज नाही. म्हणजे सोवळ्याचा नियम मळाकडे पाहून केलेला नव्हता. तो दुसऱ्याच कशाकडे पाहून केलेला होता.

याचा अर्थ परंपरेतील प्रत्येक सवय चुकीची होती, असा नाही. जेवणापूर्वी हात धुणे, दुसऱ्याचे उष्टे न खाणे, पाण्याच्या भांड्यात हात न बुडवता वरून पाणी घेणे या सवयींचा आरोग्याला उपयोग होतो, हे मान्य केले पाहिजे. पण उपयोग होणे वेगळे आणि उपयोगासाठी असणे वेगळे. उष्ट्याचा नियम आरोग्यासाठी असता, तर उष्टे कोणालाच द्यायचे नाही, असे ठरले असते. प्रत्यक्षात गावाने शिळी भाकरी आणि उरलेसुरले अन्न महार-मांगांच्या पदरात टाकले आणि तो त्यांचा हक्क म्हणून ठरवून दिला. जे एका घराला धोक्याचे, ते दुसऱ्या घराला हक्काचे! धोका नाहीसा करण्याची ही रीत नव्हे. तो कोणी सोसायचा, हे ठरवण्याची ही रीत होय.

मेरी डग्लस या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की मळ म्हणजे नेमून दिलेली जागा सोडून आलेली वस्तू. ताटातले अन्न स्वच्छ, तेच कपड्यावर सांडले की घाण. म्हणून एखादा समाज कशाला घाण म्हणतो यावरून त्याने जगाची मांडणी कशी केली आहे ते कळते. हा विचार मार्मिक आहे. पण जागा नेमून देणारा कोण, हा प्रश्न त्यात मागे राहतो. त्या प्रश्नाला १८ वर्षे आधीच, १९४८ साली, बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात हात घातला होता. जन्म, मृत्यू, ऋतुप्राप्ती अशा प्रसंगी येणारा विटाळ जगातील अनेक जुन्या समाजांत आढळतो, पण तो व्यक्तीपुरता आणि तात्पुरता असतो, शुद्धीचा विधी झाला की संपतो, असे त्यांनी दाखवले. हिंदूंची अस्पृश्यता मात्र कोट्यवधी माणसांना जन्मापासून मरणापर्यंत चिकटते आणि बापाकडून मुलाकडे जाते. दोन्हींना एकच ‘विटाळ’ शब्द वापरल्यामुळे घोटाळा होतो. मुरुडच्या इतिहासात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

२

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे, आजोळी झाला. बालपण गेले ते मुरुडात. पुढे ते मुंबईत शिकले आणि १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या.

या लग्नाची वार्ता गावी पोहोचली आणि मुरुडच्या ब्राह्मण समाजाने कर्व्यांवर बहिष्कार घातला. घरच्यांनी त्यांना थारा दिला तर घरच्यांनाही वाळीत टाकण्याची धमकी होती. ज्या गावासाठी त्यांनी १८८६ साली ‘मुरुड फंड’ काढला होता, त्याच गावात ते अस्पर्श ठरले.

आता पाहा, या माणसाच्या शरीरात १० मार्च आणि ११ मार्च यांच्या दरम्यान काय बदलले? त्यांचे स्नान चुकले नव्हते. त्यांना साथीचा रोग जडला नव्हता. बदलले होते ते एवढेच, की जातीने ज्या स्त्रीला उपभोगातून आणि मंगलकार्यातून वगळले होते, तिला त्यांनी पत्नी म्हणून घरात आणले. विधवेच्या बाबतीत तर नियम आणखी उघड होता. केशवपन न केलेल्या विधवेच्या हातचे पाणी सोवळ्याला चालत नसे. पाणी तेच, हात तेच, विहीर तीच. डोक्यावर केस असले की पाणी बाटे, केस उतरवले की चाले! याला आरोग्यशास्त्र म्हणायचे असेल, तर त्या शास्त्रात रोगाचे बीज पाण्यात नसून केसांत आहे, असे म्हणावे लागेल.

कर्व्यांचा छळ झाला हे खरे, आणि त्यांनी तो शांतपणे सोसला हेही खरे. पण येथे एक फरक नोंदवला पाहिजे. कर्व्यांवरचा बहिष्कार काळाबरोबर विरला. पुढे ते महर्षी झाले, १९५८ साली भारतरत्न झाले, आणि आज मुरुड त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांच्या विटाळाला परतीची वाट होती. त्याच तालुक्यात, त्याच वर्षांत, ज्यांच्या विटाळाला परतीची वाटच ठेवलेली नव्हती अशी माणसेही राहत होती. त्यांच्याकडे आता वळू.

३

दापोली हे इंग्रजी लष्कराचे जुने ठाणे. कॅम्प दापोली म्हणून ते ओळखले जाई. कोकणातील महार शिपाई फौजेतून निवृत्त झाले, की पुष्कळदा या ठिकाणी येऊन राहत. महाडजवळच्या खेड्यात जन्मलेले गोपाळबाबा वलंगकर फौजेतून १८८६ साली निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा संस्कार त्यांच्यावर होता. ‘दीनबंधू’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून त्यांनी लिहिले, ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ उभी केली आणि १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली. अस्पृश्यांच्या प्रश्नावर अस्पृश्याने लिहिलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी हे एक. त्याच्या नावातच त्याचे म्हणणे आहे. वलंगकर ‘महारांनी स्वच्छ व्हावे, म्हणजे विटाळ जाईल’ असे म्हणत नव्हते. विटाळाची कल्पनाच उद्ध्वस्त केली पाहिजे, असे ते म्हणत होते.

हा फरक महत्त्वाचा आहे. कारण १८९० च्या दशकात दापोलीत जो प्रसंग उभा राहिला, त्याने वलंगकरांचे म्हणणे खरे ठरवले. महार पेन्शनरांनी आपल्या मुलांना दापोलीच्या नगरपालिकेच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केले. मुलांना शाळेत घेतले गेले ते वर्गात नव्हे. त्यांना बाहेर व्हरांड्यात बसवण्यात आले.

ही मुले कोणाची होती? ज्यांनी हयात छावणीच्या शिस्तीत काढली त्यांची. हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १८६३ साली अहवाल दिला, आणि त्यामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे अथक परिश्रम होते. त्यानंतर छावणीचे पाणी, शौचकूप, बराकीतील हवा यांची काळजी घेणे हे लष्करी प्रशासनाचे काम बनले. त्या काळात स्वच्छतेची नवी शिस्त जगलेली माणसे दापोलीत कोण असतील तर ती पलटणीतून आलेली हीच. तरीही त्यांची मुले व्हरांड्यात, आणि ज्यांनी छावणीचे तोंडही पाहिले नाही अशांची मुले वर्गात. स्वच्छता हा निकष असता तर हे उलट घडले असते.

१८९५ साली वलंगकरांची महाड तालुका लोकल बोर्डावर सरकारने नेमणूक केली, तेव्हा सवर्ण सभासदांनी गिल्ला केला. निवृत्त लष्करी माणूस, लेखक, स्वच्छ पोशाखातील वृद्ध गृहस्थ. त्याच्या शेजारी बसण्यात धोका! याच सुमारास सुभेदार रामजी सकपाळ पेन्शन घेऊन आपल्या कुटुंबासह दापोलीला आले होते. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव तेव्हा अगदी लहान होता. पुढे हे कुटुंब साताऱ्याला गेले, आणि पाण्याचा प्रश्न या मुलाच्या आयुष्यात तेथे उभा राहिला.

४

१९०१ साली भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि भाचरे असे मिळून साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यानंतर ही मुले महारांची आहेत असे कळले आणि बैलगाडीवालाही गाडी हाकायला तयार होईना. दुप्पट भाडे घेऊन, गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर, तो निघाला. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत हा प्रवास सांगितला आहे. मुलांजवळ जेवण भरपूर होते, पण पिण्याला पाणी नव्हते. गाडीवाल्याने दाखवलेले पाणी होते ते गुराढोरांच्या शेणामुताने गढूळ झालेले डबके. त्या पाण्याच्या दुर्गंधीने मुलांना घोट घेववला नाही. अन्न असून मुले उपाशी झोपली.

विटाळाचे सारे आरोग्यशास्त्र या एका डबक्यात दिसते. गावाची विहीर मुलांपासून वाचवली गेली, पण मुलांना डबक्यापासून कोणी वाचवले नाही. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाला १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा जंतू एका तळ्याच्या पाण्यात सापडला होता. त्या तळ्यावर आसपासचे लोक अंघोळ करीत, कपडे धूत आणि त्यातूनच पिण्याचे पाणी भरीत. म्हणजे मसूरच्या प्रसंगाच्या १७ वर्षे आधी पटकी पाण्यातून पसरते हे सिद्ध झाले होते. रोगाचा धोका डबक्यात होता. समाजाने तो मुलांच्या हातात पाहिला. एवढेच नव्हे, तर खोटा धोका टाळण्यासाठी त्याने खरा धोका मुलांच्या पुढ्यात ठेवला.

हीच गोष्ट २६ वर्षांनी महाडच्या चवदार तळ्यावर साऱ्या देशासमोर आली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला होता, आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरी तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून हजारो स्त्री-पुरुष तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या लोकांना मारहाण झाली आणि मग तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या १०८ घागरी मंत्रघोषात त्या पाण्यात रिचवण्यात आल्या.

या तळ्यावर मुसलमान पाणी भरत होते, ख्रिस्ती भरत होते, गुरेढोरे पीत होती. त्याने तळे बाटले नव्हते. माणसाच्या ओंजळीने ते बाटले आणि शेणाने शुद्ध झाले! पिण्याच्या पाण्यात शेण मिसळणे हा आरोग्याचा उपाय आहे, असे जगातल्या कोणत्याही वैद्यकाने सांगितलेले नाही. ज्यांना सोवळ्यात विज्ञान दिसते त्यांनी या १०८ घागरींचा हिशेब द्यावा. पुढे तळ्याच्या मालकीचा आणि रूढीचा वाद दहा वर्षे न्यायालयात चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादिकालापासूनची रूढी होती, हे सवर्णांना शाबीत करता आले नाही.

महाडच्या त्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांनाही सांगितले, की मेलेल्या ढोराचे मांस सोडा, उष्टे मागणे सोडा. पुष्कळांना वाटते, की हा स्वच्छतेचा उपदेश होता. त्यात आरोग्याचा भाग होताच. रोगाने मेलेल्या जनावराचे मांस आणि कातडे हाताळणाऱ्याला काळपुळीसारखा आजार होऊ शकतो. पण मुख्य मुद्दा तो नव्हता. मेलेले ढोर ओढण्याचे काम गावाने ज्यांच्या माथी मारले, त्यांनी ते काम अंगावर घेऊ नये, हा होता. धोका एकाने निर्माण करायचा, दुसऱ्याने उचलायचा, आणि उचलणाऱ्यालाच धोका म्हणायचे, या करारातून बाहेर पडण्याची ती हाक होती.

५

येथे कोणी म्हणेल, की हे अज्ञान होते. विज्ञान आले की गेले. हे समाधान फार सोपे आहे. विज्ञानाच्या माहेरघरीही प्रतिष्ठेने डोळ्यांवर झापड आणलेली आहे. त्याचे एक उदाहरण बाळंतपणाचे आहे.

आपल्याकडे बाळंतीण दहा दिवस सोयराची. तिने शिवलेले सगळे ओवळे, नंतर टाकून देण्याचे. म्हणून तिला घरातली अंधारी खोली, मोडकी बाज आणि जुन्यापान्या चिंध्या मिळत. सुईण म्हणून अनेक ठिकाणी मांग-महार स्त्रीला बोलावणे जाई. जिचा स्पर्श एरवी चालत नसे तिच्याच हातून घरातली मुले जगात येत. विटाळ टाळण्यासाठी दिलेल्या त्या चिंध्यांतून बाळंतरोग होई, आणि दोष मात्र बाईच्या नशिबाला किंवा सुईणीच्या हाताला लागे.

आता व्हिएन्ना पाहा. तेथील मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आले, की ज्या विभागात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपण करतात तेथे सुइणींच्या विभागापेक्षा अधिक स्त्रिया बाळंतज्वराने मरतात. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येत होते. १८४७ साली त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा १८ च्या वर गेलेले मृत्यू थोड्याच महिन्यांत शेकडा दोनच्या आसपास आले. तरीही वैद्यकातील अनेक मोठ्या माणसांनी त्याचे म्हणणे मानले नाही. गरीब बाईच्या अंगात रोग असू शकतो; विद्वान डॉक्टरच्या हातात कसा असेल? प्रतिष्ठिताचा हात स्वच्छच असतो, ही समजूत युरोपातही होती.

पण तेथे आणि येथे एक अंतर आहे. युरोपात ती समजूत होती. येथे ती धर्म होती. तेथे ती पुराव्याने हटली, कारण तिच्यामागे शास्त्राज्ञा नव्हती आणि तिच्यावर कोणाची वतने उभी नव्हती. येथे विटाळाशी गावगाडा जोडलेला होता. महारकी वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

सगळेच असे वागले, असे मात्र नाही. पुण्यात प्लेग पसरला तेव्हा सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला स्वतः उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. त्या सेवेत त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सावित्रीबाईंना धोका कळत नव्हता असे नाही. तो त्यांना नीट कळत होता. रोग संसर्गाने जवळ येतो, माणूस जातीने दूर जात नाही, हे दोन्ही त्यांना एकाच वेळी कळत होते. संसर्गाचे भय आणि स्पर्शाचा विटाळ यांतला फरक कोणाला पाहायचा असेल तर तो या मृत्यूत पाहावा.

६

पुन्हा मुरुडकडे येऊ. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी मुरुडचाच. तेही गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कामापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. वर्ष लक्षात घ्यावे : मार्चमध्ये चवदार तळे, जुलैमध्ये ‘समाजस्वास्थ्य’, २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन.

रघुनाथरावांनी उपदंश आणि परमा या गुप्तरोगांविषयी उघड लिहिले. ज्या समाजाला अस्पृश्याच्या सावलीत धोका दिसत होता, त्याला नवऱ्याने बाहेरून आणून बायकोला दिलेल्या रोगात धोका दिसत नव्हता. तो रोग बोलायचा नव्हता. महिन्याचे चार दिवस बायकोने बाजूला बसायचे, कारण तिचा विटाळ. आणि नवऱ्याचा रोग मात्र अंथरुणात निमूट घ्यायचा! रघुनाथरावांनी हे बोलून दाखवले तेव्हा समाजाला रोगापेक्षा लेखच अधिक घाण वाटला. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले.

१९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला, दंड झाला. तरी ही घटना आपल्या चळवळीच्या इतिहासात जपून ठेवण्यासारखी आहे. मुरुडच्या ब्राह्मण घरातला मुलगा शरीराचे सत्य सांगितल्याबद्दल आरोपीच्या पिंजऱ्यात, आणि ज्यांना त्याच्या गावाने विहिरीवर येऊ दिले नसते ते त्याच्या बचावाला उभे. आणि हे केवळ वकिली काम नव्हते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव आला. तो पी. जे. रोहम यांनी मांडला, भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव नापास झाला. खऱ्या आरोग्याचा प्रश्न सभागृहात कोणी आणला आणि कोणी पाडला, हे यावरून दिसेल.

७

आज सावलीचा विटाळ कोणी उघडपणे मानत नाही. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. पण धोका वाटून देण्याची जुनी रीत अजून जिवंत आहे. डायना कॉफी आणि डीन स्पिअर्स या दोन अभ्यासकांनी २०१७ साली उत्तर भारतातील खेड्यांतील शौचालयांवर पुस्तक लिहिले. सरकारने बांधून दिलेली शौचालये लोक का वापरत नाहीत, हा त्यांचा प्रश्न. उत्तर त्यांना जातीत सापडले. खड्डा भरला की तो उपसायचा कोणी? ते काम ‘त्यांचे’. आपण हात लावायचा नाही. म्हणून भरेल या भीतीने खड्डा वापरायचाच नाही, उघड्यावर जायचे. वास्तविक दोन खड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा बंद ठेवला की काही काळाने त्यातील मैल्याचे निर्धोक खत होते. पण विटाळाला खत होण्याची मुभा नाही! उघड्यावरच्या मैल्याने मुलांना हगवण होते, ती वाढत नाहीत, आणि त्यात सवर्णांचीही मुले असतात. विटाळाच्या कल्पनेने शेवटी विटाळ मानणाऱ्यालाही सोडलेले नाही.

शहरांत तेच काम गटारात उतरून होते. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारांत मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम पुढील मृत्यूंसाठी तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागते याचाच अर्थ मरणे थांबलेले नाही. विषारी वायू गटारात आहे हे आज सर्वांना ठाऊक आहे. येथे अज्ञानाची सबब चालत नाही. तरी माणूस उतरवला जातो, आणि तो बहुतेक वेळा कोणत्या जातीचा असतो हेही सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून सोवळे म्हणजे आरोग्यशास्त्र असे कोणी म्हणाले, तर त्याच्याशी वाद घालण्याआधी त्याला साधे प्रश्न विचारावेत. दापोलीच्या व्हरांड्यातली मुले कोणत्या रोगाने आजारी होती? मसूरच्या वाटेवरच्या त्या डबक्यातले पाणी कोणासाठी राखून ठेवले होते? चवदार तळ्यात शेण कशासाठी ओतले? मुरुडच्या धोंडोपंतांना ११ मार्च १८९३ रोजी कोणता जंतू चिकटला?

स्वच्छता आपल्याला हवी आहे. पाणी, साबण, शौचालय, लस, दवाखाना हे सारे हवे आहे, आणि ते प्रत्येक वस्तीत हवे आहे. पण स्वच्छतेसाठी आपल्याला विटाळाचे उपकार मानण्याचे कारण नाही. वलंगकरांनी १८८८ साली दापोलीत बसून जे काम हाती घेतले, ते अजून पुरे झालेले नाही. विटाळ विज्ञानाचा पोशाख घालून परत येत असेल, तर त्याला त्याच्या जुन्या नावाने हाक मारणे हे आपले काम आहे.